ओआयडीच्या शेपटीतला पत्ता : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

नेटवर्कमधील राऊटर आणि स्विच यांच्याकडून एसएनएमपीने, म्हणजे नेटवर्क उपकरणांवर देखरेख ठेवण्याच्या प्रोटोकॉलने, माहिती गोळा करून कोणता आयपी पत्ता कोणत्या इंटरफेसवर आहे, याची यादी सतत ताजी ठेवणारी प्रणाली नव्याने लिहिण्याचे काम आज हाती घेतले. वारशाने आलेली जुनी स्क्रिप्ट फक्त आयपीव्ही४ जाणते आणि जवळजवळ प्रत्येक तक्त्याच्या बाबतीत ‘ओआयडीचे शेवटचे चार आकडे म्हणजे पत्ता’ असे धरून चालते. हे गृहीतक कोणत्या तक्त्यांत टिकते आणि कुठे मोडते, ते तपासल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही, असे ठरले आहे. या नोंदींत खरे पत्ते दिलेले नाहीत. आरएफसी ५७३७ ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटविषयीचे क्रमांकित दस्तऐवज) उदाहरणांसाठी राखून ठेवलेले १९२.०.२.०/२४ आणि २०३.०.११३.०/२४ हे गट, तसेच आयपीव्ही६ साठी २००१:डीबी८::/३२ हा गट वापरला आहे.

पाया पक्का असावा म्हणून मूळ रचना इथे लिहून ठेवतो. एसएनएमपीत उपकरणाला विचारता येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ओआयडी असतो, म्हणजे टिंबांनी वेगळे केलेल्या आकड्यांची माळ असते. तिचा सुरुवातीचा भाग मिबमध्ये, म्हणजे अशा तक्त्यांच्या व्याख्यांच्या दस्तऐवजात, ठरलेला असतो आणि तो कोणता तक्ता, कोणता स्तंभ हे सांगतो. त्यामागची शेपटी त्या तक्त्यातील नेमकी कोणती ओळ हे सांगते आणि ती त्या उपकरणावरील चालू स्थितीतून तयार होते. १९९१ च्या आरएफसी १२१३ मधील, म्हणजे मिब-२ मधील, इंटरफेसच्या पत्त्यांचा तक्ता १.३.६.१.२.१.४.२० या शाखेवर आहे. त्यातील नेटमास्कचा स्तंभ तिसरा असल्यामुळे १९२.०.२.१७ या पत्त्याचा नेटमास्क हवा असेल तर १.३.६.१.२.१.४.२०.१.३.१९२.०.२.१७ असे विचारावे लागते आणि उत्तरात २५५.२५५.२५५.० मिळते. म्हणजे पत्ता हा इथे उत्तराचा भाग नाही, तो प्रश्नाच्या नावातच गुंफलेला आहे.

८ जानेवारी २०२५

एकच पत्ता नावात आल्यावर आणि मूल्यात आल्यावर तारेवर कसा वेगळा दिसतो, हे आज पॅकेट पकडून तपासले. मूल्य म्हणून येणाऱ्या आयपी पत्त्याला एसएनएमपीत स्वतःचा प्रकार आहे. त्याचा टॅग, म्हणजे प्रकार सांगणारा बाइट, ६४, लांबी नेहमी ४, आणि त्यापुढे चार बाइट. त्यामुळे वरचा नेटमास्क ६४, ४, २५५, २५५, २५५, ० असा सहा बाइटांत येतो.

ओआयडीत मात्र प्रत्येक आकडा बीईआरच्या, म्हणजे मूल्ये बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीच्या, नियमाने सात-सात बिटांच्या तुकड्यांत लिहिला जातो आणि पुढे आणखी तुकडा असल्यास त्या बाइटची सर्वांत वरची बिट चढवलेली असते. परिणामी १२७ पर्यंतचा आकडा एका बाइटमध्ये मावतो आणि १२८ पासून २५५ पर्यंतच्या आकड्याला दोन बाइट लागतात. १९२ हा आकडा १२९, ६४ असा जातो, तर २५५ हा १२९, १२७ असा. ओआयडीच्या सुरुवातीचे १ आणि ३ हे दोन आकडे ४० गुणिले १ अधिक ३ या हिशोबाने ४३ या एकाच बाइटमध्ये एकत्र होतात. त्यामुळे वरचा संपूर्ण ओआयडी ४३, ६, १, २, १, ४, २०, १, ३, १२९, ६४, ०, २, १७ असा चौदा बाइटांचा होतो आणि त्यातील पत्त्याच्या वाट्याला पाच बाइट येतात. १०.०.०.१ हा पत्ता चार बाइटांत भागतो, आणि चारही आकडे १२८ च्या वर असतील तर आठ लागतात.

जुन्या स्क्रिप्टमध्ये पॅकेटच्या कच्च्या बाइटांतून शेवटचे चार बाइट उचलणारा एक तुकडा सापडला. १०.० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर तो बहुतेक वेळा बरोबर उत्तर देत होता, त्यामुळेच तो इतकी वर्षे टिकून राहिला असावा. तो काढून टाकला. बीईआर उलगडण्याचे काम ग्रंथालयाकडेच राहील आणि आपला कोड फक्त आकड्यांच्या यादीवर चालेल, हा नियम आजपासून लागू झाला.

१३ जानेवारी २०२५

आजचा दिवस आरएफसी २५७८ मधील ७.७ हे कलम वाचण्यात गेला आणि तो सत्कारणी लागला असे म्हणायला हरकत नाही, कारण या प्रकल्पाचा गाभा त्या कलमात आहे. तक्त्याच्या व्याख्येत इंडेक्स म्हणून जी नावे दिलेली असतात, त्यांची मूल्ये त्याच क्रमाने शेपटीत उतरतात, पण कशी उतरतात हे प्रत्येकाच्या प्रकारावर ठरते. पूर्णांक असेल तर एकच आकडा येतो. आयपी पत्त्याचा जुना प्रकार असेल तर चार आकडे येतात. ठरावीक लांबीची अक्षरमाळ असेल तर जितके बाइट तितके आकडे येतात. लांबी बदलू शकणारी अक्षरमाळ असेल तर आधी लांबी आणि मग बाइट येतात, अपवाद फक्त शेवटच्या इंडेक्सचा, आणि तोही मिबने ‘इम्प्लाइड’ असे स्पष्ट लिहिले असेल तरच. इंडेक्स स्वतःच ओआयडी असेल तर त्यालाही हाच लांबीचा नियम लागू होतो.

यातून निघणारा निष्कर्ष असा की शेपटी स्वतःविषयी काहीही सांगत नाही. ‘१.४.१९२.०.२.१७’ असे सहा आकडे समोर आले तर त्यातील १ हा इंटरफेसचा क्रमांक आहे की पत्त्याचा प्रकार, ४ ही लांबी आहे की आणखी काही, हे नुसत्या आकड्यांकडे पाहून कळणे शक्य नाही. त्यासाठी तक्त्याची व्याख्या हाताशी लागते. म्हणून नव्या प्रणालीत प्रत्येक तक्त्याच्या इंडेक्सची यादी, प्रत्येकाच्या प्रकारासह, आधी नोंदवलेली असेल आणि उलगडणारे फंक्शन ती यादी डावीकडून उजवीकडे वाचत जाईल. उजवीकडून मोजण्याची सवय सोडून द्यायची आहे.

ती सवय घातक का ठरते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे टीसीपी जोडण्यांचा जुना तक्ता, १.३.६.१.२.१.६.१३. त्याच्या शेपटीत स्थानिक पत्ता, स्थानिक पोर्ट, दूरचा पत्ता आणि दूरचा पोर्ट असे चार इंडेक्स आहेत. पत्त्याला चार आकडे लागतात, पण पोर्ट पूर्णांक असल्यामुळे ६५५३५ पर्यंतचे कोणतेही मूल्य एकाच आकड्यात येते. एकूण दहा आकडे. शेवटचे चार उचलले तर दूरच्या पत्त्याचे शेवटचे तीन आकडे आणि पोर्ट हाती येतात, आणि पोर्ट २५५ च्या आत असेल तर निघालेला ‘पत्ता’ दिसायला अगदी वैध असतो. उलगडताना प्रत्येक बाइट ० ते २५५ मध्ये आहे का, ही तपासणी ठेवली आहेच, पण अशा प्रकरणात ती वाचवत नाही.

१६ जानेवारी २०२५

ओआयडींचा क्रम हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण पत्ता नावात असण्याचा सर्वांत मोठा फायदा त्यातूनच मिळतो. गेट-नेक्स्ट या विनंतीला उपकरण दिलेल्या ओआयडीच्या लगेच पुढचा ओआयडी परत देते, आणि ‘पुढचा’ हे आकड्याशी आकडा ताडून, संख्या म्हणूनच ठरते. दिलेला ओआयडी प्रत्यक्षात अस्तित्वात असण्याची गरज नसते. त्यामुळे पत्ते आपोआप अंकक्रमाने लागतात आणि सबनेट हा त्या क्रमातील एक सलग पट्टा होतो.

शेजारी उपकरणांच्या मॅक (हार्डवेअर) पत्त्यांचा जुना तक्ता १.३.६.१.२.१.४.२२ आहे. त्याच्या शेपटीत आधी इंटरफेसचा क्रमांक आणि मग पत्ता येतो. इंटरफेस ७ वरील १९२.०.२.०/२४ मधलेच शेजारी हवे असतील तर १.३.६.१.२.१.४.२२.१.२.७.१९२.०.२ इथपर्यंतच लिहून वॉक करावा, म्हणजे ती फांदी संपेपर्यंत गेट-नेक्स्ट विचारत राहावे. बाकीचा तक्ता कितीही मोठा असला तरी त्याला हात लागत नाही. आठच्या पटीत न बसणाऱ्या सबनेटला अशी फांदी मिळत नाही, पण पट्टा सलगच असतो. १९२.०.२.६४/२६ साठी १९२.०.२.६३ पासून गेट-नेक्स्ट सुरू केला आणि १२७ ओलांडताच थांबलो तर नेमकी तेवढीच माहिती मिळते. एका विनंतीत अनेक ओळी मागणारा गेट-बल्क वापरताना शेवटच्या उत्तरातल्या जास्तीच्या ओळी टाकून द्याव्या लागतात, इतकेच. इंटरफेसचा क्रमांक पत्त्याच्या आधी असल्यामुळे हे प्रत्येक इंटरफेससाठी वेगळे करावे लागते, हा या तक्त्याचा दोष म्हणावा लागेल. पत्ता आधी ठेवला असता तर आमच्यासारख्यांचे काम सोपे झाले असते, पण तक्ता लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एका इंटरफेसची यादी असणार.

हा क्रम न पाळणारी उपकरणेही असतात. प्रयोगशाळेतील एका स्विचच्या फर्मवेअरमध्ये १९२.०.२.१० नंतर १९२.०.२.१०० आणि त्यानंतर १९२.०.२.९ असे उत्तर आले, म्हणजे आतमध्ये कुणीतरी पत्ते अक्षरमाळ म्हणून लावले होते. नेट-एसएनएमपी या साधनसंचातील स्नम्पवॉक अशा वेळी ओआयडी वाढत नसल्याची तक्रार करून थांबतो आणि ते योग्यच आहे. ही तपासणी बंद करणारा पर्याय त्यात आहे, पण तो वापरल्यास चुकीचे उपकरण वॉकला अंतहीन फेऱ्यात अडकवू शकते. आपल्या प्रणालीत तपासणी चालूच राहील. या स्विचसाठी आधी पाहिलेल्या ओआयडींचा संच ठेवून पुनरावृत्ती दिसताच थांबणारी वेगळी वाट ठेवली असून ती उपकरणाच्या नोंदीत हाताने चालू करावी लागते.

२१ जानेवारी २०२५

आयपीव्ही६ कडे वळलो. जुन्या प्रकारात चारच बाइट मावतात, त्यामुळे त्याला ताणून काही साधण्यासारखे नव्हते. १९९८ मध्ये आयपीव्ही६ साठी स्वतंत्र मिब निघाला, म्हणजे एकाच राऊटरचे दोन प्रकारचे पत्ते दोन वेगळ्या शाखांवर गेले. ती वाट पुढे सोडून देण्यात आली आणि दोन्ही प्रकार एकाच तक्त्यात बसवणारी जोडी ठरली. आरएफसी ४००१ मध्ये, फेब्रुवारी २००५ मध्ये, ती आजच्या रूपात आहे. पत्ता नेहमी दोन इंडेक्सांनी सांगायचा, आधी प्रकार आणि मग बदलत्या लांबीची अक्षरमाळ. प्रकार १ म्हणजे आयपीव्ही४, २ म्हणजे आयपीव्ही६, ३ आणि ४ म्हणजे झोनसह (पत्ता कोणत्या भागापुरता आहे हे सांगणाऱ्या क्रमांकासह) तेच दोन, १६ म्हणजे डीएनएस नाव, आणि ० म्हणजे अज्ञात.

अक्षरमाळ बदलत्या लांबीची असल्यामुळे लांबीचा आकडा सक्तीने येतो. एप्रिल २००६ च्या आरएफसी ४२९३ मधील नव्या पत्ता-तक्त्यात, १.३.६.१.२.१.४.३४ मध्ये, १९२.०.२.१७ ची शेपटी १.४.१९२.०.२.१७ अशी होते आणि २००१:डीबी८::१ ची शेपटी २.१६.३२.१.१३.१८४ नंतर अकरा शून्ये आणि शेवटी १ अशी होते. प्रकार १ असेल तर लांबी ४ हे ठरलेलेच असताना ती पुन्हा लिहिणे वायफळ वाटते, पण इंडेक्सचे नियम प्रत्येक इंडेक्सकडे सुटे पाहतात. एका इंडेक्सच्या मूल्यावरून दुसऱ्याची लांबी ठरवण्याची सोय त्यांत नाही. ही थोडी उधळपट्टी स्वीकारून सर्व जुनी साधने तशीच चालू राहिली, हा सौदा मला तरी योग्य वाटतो.

झोनची गरज लिंक-लोकल, म्हणजे एकाच जोडणीपुरत्या वैध असलेल्या, पत्त्यांमुळे पडते. एफई८०::१ हा पत्ता एकाच राऊटरच्या अनेक इंटरफेसवर असू शकतो, आणि या तक्त्याच्या शेपटीत इंटरफेसचा क्रमांक नसल्यामुळे त्या सगळ्या ओळींचे नाव एकच झाले असते. म्हणून प्रकार ४ मध्ये सोळा बाइटांच्या पुढे झोनचे चार बाइट जोडून लांबी २० केली आहे. झोन ३ साठी शेपटी ४.२०.२५४.१२८, मग तेरा शून्ये, १, आणि त्यानंतर ०.०.०.३ अशी येते. झोनचे चार बाइट मोठ्या बाजूने लिहिलेले असतात, ते पूर्णांकासारखे एका आकड्यात येत नाहीत, हे चाचण्यांमध्ये मुद्दाम घातले.

लांबी शून्य असण्याची शक्यताही धरावी लागते. टीसीपीच्या आरएफसी ४०२२ मध्ये ऐकत बसलेल्या पोर्टांचा वेगळा तक्ता आहे, आणि दोन्ही प्रकारच्या सर्व पत्त्यांवर ऐकणाऱ्या प्रोग्रामची शेपटी त्यात प्रकार ०, लांबी ०, पोर्ट अशी येते. म्हणजे २२ क्रमांकाच्या पोर्टसाठी ०.०.२२. यात पत्ता नाही, आणि नसणे हीच माहिती आहे. त्याचे ०.०.०.० असे रूपांतर करू नये, कारण तो ‘फक्त आयपीव्ही४ चे सर्व पत्ते’ असा वेगळा अर्थ होतो आणि त्याची स्वतंत्र ओळ १.४.०.०.०.०.२२ अशी असू शकते.

२७ जानेवारी २०२५

जुन्या पत्ता-तक्त्यात नेटमास्क सरळ मूल्य म्हणून मिळत असे. नव्या तक्त्यात तो स्तंभच नाही. त्याऐवजी पाचव्या स्तंभात एक ओआयडी मूल्य म्हणून येतो आणि तो प्रीफिक्सच्या (सबनेट ओळखणाऱ्या पत्त्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) तक्त्यातील, म्हणजे १.३.६.१.२.१.४.३२ मधील, एका ओळीकडे बोट दाखवतो. इंटरफेस ७ वरील आपल्या पत्त्यासाठी हे मूल्य १.३.६.१.२.१.४.३२.१.५.७.१.४.१९२.०.२.०.२४ असे आले. शेपटी वाचली तर इंटरफेस ७, प्रकार १, लांबी ४, प्रीफिक्स १९२.०.२.०, आणि शेवटी प्रीफिक्सची लांबी २४.

थोडक्यात, नावात एक पत्ता, मूल्यातल्या नावात दुसरा पत्ता, आणि मास्क त्या दुसऱ्या नावाच्या अखेरच्या आकड्यात. बोट दाखवलेल्या ओळीकडे पुन्हा विचारणा करण्याची गरज नाही, कारण हवे ते सर्व बोटातच आहे. उलगडणारे फंक्शन तक्त्याच्या व्याख्येवर चालणारे असल्यामुळे मूल्य म्हणून आलेल्या ओआयडीलाही तेच लावता आले आणि वेगळा कोड लिहावा लागला नाही. प्रीफिक्स ठाऊक नसेल तर उपकरण ०.० देते, तेव्हा मास्कची जागा रिकामी ठेवायची, ० धरायचे नाही.

इंडेक्सचे स्तंभ नव्या तक्त्यांत वाचताच येत नाहीत, हेही इथे नोंदवून ठेवतो. मिब-२ मध्ये पत्ता शेपटीतही असे आणि पहिल्या स्तंभात मूल्य म्हणूनही वाचता येई, त्यामुळे आळशी साधने शेपटीकडे न पाहताही चालत. एसएमआयच्या, म्हणजे मिब लिहिण्याच्या नियमांच्या, दुसऱ्या आवृत्तीने अशा स्तंभांवर ‘अगम्य’ असा शिक्का मारला. तीच माहिती दोनदा पाठवणे टळले, पण शेपटी वाचता न येणाऱ्या साधनाला आता पत्ता मिळण्याचा मार्गच उरला नाही.

३ फेब्रुवारी २०२५

मार्गांचे तक्ते. आरएफसी २०९६ च्या तक्त्याची शेपटी गंतव्य, मास्क, टीओएस (सेवेचा प्रकार), पुढचा टप्पा अशी तेरा आकड्यांची असून ती सरळ आहे. आरएफसी ४२९२ च्या नव्या तक्त्यात, १.३.६.१.२.१.४.२४.७ मध्ये, मात्र प्रीफिक्सची लांबी आणि पुढचा टप्पा यांच्यामध्ये ‘पॉलिसी’ नावाचा एक इंडेक्स आहे आणि त्याचा प्रकार ओआयडी आहे. सहसा तो ०.० असतो, म्हणून शेपटीत २.०.० असा दिसतो. २ ही लांबी आहे. हे तीन आकडे ठोकळ्यासारखे वगळून पुढे जाणारा कोड आंतरजालावर सर्रास सापडतो. प्रयोगशाळेतील एका लिनक्स यंत्राने लांबी ३ असलेली पॉलिसी दिली, आणि असा कोड तिथे पुढच्या टप्प्याचा पत्ता एका आकड्याने सरकवून वाचतो. लांबी वाचूनच पुढे जायचे. याला पर्याय नाही.

आयपीव्ही६ मार्गाचा पूर्ण ओआयडी २.०.० धरून ५१ आकड्यांचा होतो. कमाल मर्यादा १२८ ची आहे, त्यामुळे चिंता नाही, पण आकड्यांसाठी पन्नासची जागा धरणारी डेटाबेसमधील जुनी मांडणी बदलावी लागली.

१० फेब्रुवारी २०२५

एलएलडीपीच्या (जोडलेली उपकरणे एकमेकांना स्वतःची ओळख देतात त्या प्रोटोकॉलच्या) शेजाऱ्यांचे व्यवस्थापन-पत्ते १.०.८८०२.१.१.२.१.४.२ या तक्त्यात मिळतात. शेपटीत वेळेची खूण, स्थानिक पोर्ट, शेजाऱ्याचा क्रमांक, पत्त्याचा प्रकार आणि शेवटी बदलत्या लांबीचा पत्ता येतो. नियमाप्रमाणे शेवट १.४.१९२.०.२.५ असा व्हायला हवा. प्रयोगशाळेतील एका उपकरणाने तो १.१९२.०.२.५ असा दिला, म्हणजे लांबीचा आकडाच गाळला.

सुदैवाने पत्ता हा इथे शेवटचा इंडेक्स आहे. प्रकार वाचून झाल्यावर नेमके चार आकडे उरले असतील आणि प्रकार १ असेल तर लांबी गाळलेली आहे, आणि पाच उरले असून पहिला ४ असेल तर सर्व नियमाप्रमाणे आहे. उरलेल्यांची संख्याच निर्णय देते, त्यामुळे ४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरही गोंधळ होत नाही. आयपीव्ही६ साठी हीच तपासणी सोळा आणि सतरा यांवर चालते. ही सवलत फक्त या एका तक्त्यापुरती ठेवली आहे. मार्गांच्या तक्त्यात पत्त्यामागे आणखी इंडेक्स असल्यामुळे असा अंदाज बांधणे धोक्याचे ठरेल. तिथे शेपटी पूर्ण वापरली गेली नाही किंवा अपुरी पडली तर ओळ नाकारून मूळ ओआयडी त्रुटींच्या यादीत टाकला जातो.

१७ फेब्रुवारी २०२५

बीजीपी (राऊटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) शेजाऱ्यांची स्थिती १.३.६.१.२.१.१५.३.१.२ या स्तंभात असते आणि शेपटी म्हणजे शेजाऱ्याचा जुन्या प्रकारचा पत्ता. २०३.०.११३.५ साठी मूल्य ६ आले, म्हणजे जोडणी प्रस्थापित आहे. या तक्त्यात आयपीव्ही६ शेजारी दिसूच शकत नाहीत, कारण इंडेक्सला चारच आकड्यांची जागा आहे. राऊटर दोन्ही प्रकारचे शेजारी चालवत असताना यादीत निम्मेच दिसले, तर तो दोष माहिती गोळा करणाऱ्या आपल्या प्रणालीचा नाही. त्यासाठी निर्मात्यांच्या खासगी मिबकडे जावे लागेल आणि प्रत्येकाची इंडेक्सची मांडणी वेगळी असल्याने ते काम पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवले.

डेटाबेसमध्ये उलगडलेला पत्ता बाइटांच्या स्वरूपात, झोन वेगळ्या स्तंभात, आणि मूळ शेपटी जशीच्या तशी, असे तिन्ही साठवायचे ठरले. जागा थोडी जास्त जाते, पण एखाद्या तक्त्याच्या व्याख्येत दुरुस्ती झाल्यास उपकरणांना पुन्हा न विचारता जुन्या नोंदी नव्याने उलगडता येतात. उद्या जुनी स्क्रिप्ट आणि नवी प्रणाली एकाच वेळी चालवून दोन्हींच्या याद्यांमधील फरक काढायचा आहे. टीसीपीच्या तक्त्यातून आलेल्या जुन्या ओळी त्या तुलनेतून आधीच वगळल्या आहेत.